न झालेल्या आजाराचा घोडा

८ मे

चि. सेवुगन,

परवा सोमवारी उजाडता उजाडता मी आपल्या ग्रामदेवाच्या, अय्यनारच्या, दिव्यात तेल घातलं आणि आदल्या दिवशी भाजून निघालेली मडकी एकेक उचलून टिचकी मारून पाहिली. आधी डाव्या कानाशी धरून, मग उजव्या. उजव्या कानाला प्रत्येक मडकं खणखणीत लागलं. डाव्या कानाला सगळी फुटकी. एका रात्रीत भट्टीभर मडकी अर्धीच फुटत नाहीत हे मला कळत होतं. फुटलं होतं ते कानात.

तीन महिने हे चाललं आहे. शिवगंगेच्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, एकाच कानाचं ऐकणं कमी झालं की आत नसेवर गाठ नाही ना हे बघून घ्यावं लागतं. डोक्याचा स्कॅन करा, सोबत रक्तही तपासून घ्या. म्हणून त्या दिवशी मातीला हात न लावता मी आणि तुझी वहिनी पूंगोडी पहिल्या बसने मदुरैला गेलो.

आधीच सांगून टाकतो, म्हणजे तू पत्र घाईने वाचणार नाहीस. गाठ नाही. मी बरा आहे.

आता झालं ते ऐक. इस्पितळात पोचलो, बाकावर बसलो, एक नर्स सुई घेऊन आली. मी बाही वर केली. पूंगोडीने ती खाली केली.

"थांब गं बाई. सोमवार आहे. आत्ताच राहूकाळ लागलाय. नऊपर्यंत ह्यांचं रक्त निघायचं नाही."

"अक्का, आमच्याकडे राहूकाळात बाळंसुद्धा जन्मतात."

"बाळाला घड्याळ कळत नाही. तुला कळतं ना?"

नर्सने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीही आपल्यातलीच, मनगटाला समयपुरमच्या देवीचा पिवळा दोरा होता. म्हणाली, "बरं बाई, तुमच्या राहूशी कोण भांडणार. स्कॅनचा नंबर लागेपर्यंत तो गेलेला असेल. आधी स्कॅन होऊ दे, आल्यावर रक्त घेते." आधी काय आणि नंतर काय, हा प्रश्न तिलाही पडला नाही आणि आम्हालाही नाही. पूंगोडी तर खूश झाली. राहूला चकवल्याचं समाधान तिच्या तोंडावर दुपारपर्यंत होतं.

स्कॅनचं यंत्र म्हणजे निजवलेली भट्टी रे. मी आयुष्यभर देवाचे मातीचे घोडे आत सरकवले, त्या दिवशी मला कुणीतरी सरकवलं. आत ठोकाठोकी अशी चालते, की दहा कुंभार थापट्या घेऊन बसल्यासारखं वाटतं. मी डोळे मिटून अय्यनारचं नाव घेत पडलो. निम्म्यात बाहेर काढून दंडात एक औषध टोचलं. त्याला ते डाय म्हणतात. म्हणजे रंग. पण दिसायला विहिरीचं पाणी. ते आत गेलं की आतल्या नसा, गाठी चित्रात उठून दिसतात म्हणे. टोचलं तसं थंड काहीतरी खांद्यापर्यंत चढलं, आणि पुन्हा आत.

बाहेर आल्यावर नर्सने दुसऱ्या हाताचं रक्त घेतलं. राहू गेलेला होता. आम्ही पायरीवर बसून दहीभात खाल्ला.

दुपारी मी कुरकुरीत मुरुक्कू खात होतो, तर दोघं जण चाकाची खुर्ची घेऊन धावत आले. मागे एक कोवळा डॉक्टर, इलमारन नावाचा. मला म्हणाला, "ऐया, उठू नका. चालू नका."

मी विचारलं, "का? मी मघाशी चालतच खाली गेलो होतो."

"तुमचं कॅल्शियम फार खाली आलंय. तोंडाभोवती मुंग्या येतात?"

"नाही."

"बोटांना पेटके?"

"नाही हो. बोटांचंच खातो मी."

मला वॉर्डातल्या खाटेवर निजवून त्याने माझ्या कानापुढे बोटाने टकटक केलं आणि ओठ फडफडतो का ते पाहिलं. दंडाला पट्टा बांधून हवा भरली, बोटं वाकडी होतात का पाहिलं. माझी बोटं हलली नाहीत. तीस वर्षं घोड्याच्या आयाळीच्या रेघा ओढणारी बोटं ती, सहज कशी हलतील. पोराने माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मग विश्वास कागदावर ठेवला. त्याला मी दोष देत नाही. कागदावर आकडा होता, माझ्याकडे मुरुक्कू होता.

तो बाहेर जाऊन पूंगोडीला हळू आवाजात म्हणाला, "इतकं कमी झालं की हृदय कधीही थांबू शकतं, अम्मा. आम्ही सलाइनमधून देतोय, पण मनाची तयारी ठेवा." दार उघडं होतं आणि माझा उजवा कान त्याच बाजूला होता.

सेवुगन, त्या वेळी मला भीती वाटली नाही, असं मी लिहिणार होतो. पण खोटं कशाला लिहू. वाटली. लेकीच्या, तेन्मोळीच्या, पुढच्या शिक्षणाचं मनात आलं, पावसाळ्यासाठी झाकून ठेवलेल्या मातीच्या ढिगाचं आलं. आणि तुझं आलं. एवढंच लिहितो.

पूंगोडी रडली नाही. तिने पदराच्या कोपऱ्यात हळदीचा रुपया बांधला, तोंड आपल्या गावाच्या दिशेला केलं आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाली, "अय्यनारा, हा माणूस स्वतःच्या पायांनी ह्या दारातून बाहेर आला, तर तुझ्या देवराईत माणसाच्या उंचीचा मातीचा घोडा उभा करीन."

सलाइनची सुई टोचायच्या आत इलमारनचा फोन वाजला. खालच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या डॉक्टरीणबाई, आनंदवल्ली. फोनमधून इतक्या मोठ्याने बोलत होत्या, की मला डाव्या कानानेही ऐकू आलं असतं. "तो आकडा मला पटत नाहीये. पेशंट कसा आहे? खातोय? काय खातोय? मुरुक्कू? मग थांबव सगळं. सकाळी स्कॅन झालाय का त्यांचा? डाय दिला होता? आणि रक्त आधी घेतलं की नंतर?"

इलमारनने नर्सकडे पाहिलं. नर्सने पूंगोडीकडे पाहिलं. पूंगोडी छताकडे पाहू लागली.

बाई वर आल्या, माझ्या खाटेवर बसल्या, आणि मला समजेल असं सांगितलं. रक्तात कॅल्शियम किती ते मोजायला त्यात एक द्रव्य टाकतात. ते कॅल्शियमला चिकटलं की रंग चढतो. रंग जितका गडद तितकं कॅल्शियम जास्त. माझ्या दंडात जो डाय गेला त्यात एक धातू असतो. काही जातींच्या डायमधला तो धातू ह्या द्रव्याशी लगट करतो आणि रंग फिका पडतो. यंत्राला वाटतं कॅल्शियमच नाही. "तुमच्या अंगात कॅल्शियम आहे तेवढं आहे," बाई म्हणाल्या. "रक्त खरं बोलत होतं, यंत्रही खरं बोलत होतं. मध्ये तिसरंच कुणी बोललं. रात्रीत ते लघवीवाटे निघून जाईल. सकाळी पुन्हा बघू."

सकाळी बघितलं. कॅल्शियम जागच्या जागी. स्कॅनही स्वच्छ. गाठबीठ काही नाही, कानाची नस थोडी थकली आहे, तेवढं राहील म्हणाले.

जाताना पूंगोडीने बाईंना राहूकाळाची गोष्ट सांगितली. बाई पोट धरून हसल्या. "अम्मा, तुम्ही राहू चुकवलात आणि डायच्या तोंडी दिलंत." मग इलमारनला म्हणाल्या, "शीक बाबा. पुढच्या वेळी विचारायच्या प्रश्नांत राहूकाळ पण घाल."

मी स्वतःच्या पायांनी त्या दारातून बाहेर आलो. आत गेलो होतो तेही स्वतःच्याच पायांनी, पण ते नवसात नव्हतं.

आता घोडा द्यायचा आहे. माणसाच्या उंचीचा. तुला नियम ठाऊक आहे. स्वतःसाठी बोललेला घोडा वेलार कुंभाराने स्वतःच्या हाताने करायचा नाही, आणि आपल्या अय्यनारच्या राईत आपल्या वंशाबाहेरचा हात चालत नाही. आप्पा गेल्यावर ह्या वंशात दोनच हात उरले. एक माझा.

तुला बोलावतो आहे असं समजू नकोस. फक्त कळवतो आहे.

मरुदमुत्तु अण्णा

१५ मे

चि. सेवुगन,

तुझं उत्तर नाही. मीही अपेक्षा केली नव्हती. नऊ वर्षांत एक पत्र गेलं आणि लगेच दुसरं, म्हणजे पोस्टमनलाही संशय आला आहे. "वेलार, पाँडिचेरीत कुणी मेलं की काय?" म्हणाला. मी म्हटलं, "नाही, इथे मेलो नाही, तेच कळवतो आहे."

गावात दोन पक्ष पडले आहेत. चिन्नय्याच्या चहाच्या टपरीवर रोज सुनावणी असते.

पहिला पक्ष अंबलकारांचा. गावचा पुढारी, त्यामुळे बोलणं ठाम. "आजारच नव्हता, तर नवस कुठला? गाय व्यालीच नाही तर चीक कुणाला वाटायचा?"

चिन्नय्या चहा ओतता ओतता म्हणाला, "पण अंबलकार, वहिनी आजार बरा कर असं म्हणाल्याच नाहीत. ह्या दारातून चालत बाहेर येऊ दे म्हणाल्या. आला ना चालत?"

"तो तसाही आला असता."

"कशावरून? सलाइन लागली असती तर? नको असलेलं कॅल्शियम अंगात गेलं असतं तर? देवाने मोठ्या बाईंना फोन करायची बुद्धी दिली, ते काय फुकट?"

"बुद्धी त्या बाईंना कॉलेजने दिली."

"आणि कॉलेजला?"

इथे अंबलकारांनी चहा संपवला आणि म्हणाले, "तुझ्या चहात साखर कमी आहे." चिन्नय्या म्हणाला, "डाय टोचून आलात काय? तुमचा निकाल चुकतोय." तेव्हापासून हा इथला वाक्प्रचार झाला आहे. कुणाचा हिशेब चुकला, कुणी भलत्याच माणसाला ओळख दिली, की डाय टोचलाय काय म्हणतात. गावाने त्या औषधाचा चांगला उपयोग केला.

देवाला कौल लावावा असंही निघालं. पण कौल लावणारा पुजारी मीच. माझ्या खटल्यात मी न्यायाधीश कसा बसू? मी नाही म्हटलं.

पूंगोडीचा धाकटा मामा म्हणाला, मदुरै रस्त्यावर सिमेंटचे घोडे तयार मिळतात, पांढरा रंग, निळी झूल. ट्रकने आणू. पूंगोडी म्हणाली, "मामा, आजार खोटा होता म्हणून घोडाही खोटा द्यायचा?" मग मामीने सुचवलं, रात्रीतून मीच करावा आणि तेन्मोळीने केला म्हणून सांगावं. तेन्मोळी म्हणाली, "आजी, मला पणती नीट येत नाही. माझ्या हातचा घोडा म्हटल्यावर अय्यनारसुद्धा हसेल."

मी एकट्यात पूंगोडीला म्हटलं, "तूच विचार कर. तुझ्या राहूकाळामुळे रक्त घेणं मागे पडलं. ते मागे पडलं म्हणून आकडा चुकला. आकडा चुकला म्हणून तू नवस बोललीस. सगळंच चुकीवर उभं आहे."

ती पदराची गाठ चाचपत म्हणाली, "आकडा चुकीचा होता. मी घाबरले ते चुकीचं नव्हतं. देवाने रिपोर्ट मागितला नव्हता, मीही दाखवला नव्हता. मी तुम्हाला मागितलं. तुम्ही समोर बसून माझ्याशी वाद घालताय. घोडा द्यायचाच."

"पण करणार कोण?"

"ते मला का विचारता? मला पत्ता माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे." आणि ती भात उतरवायला गेली.

पत्र टाकतो ते तिला कळलेलं दिसतं.

अण्णा

२२ मे

चि. सेवुगन,

तेन्मोळीच्या फोनवर तुझा आवाज आला. ती म्हणाली, "आप्पा, चित्तप्पाचा मेसेज," आणि माझ्या डाव्या कानाला फोन लावला. मी म्हटलं, दुसऱ्या कानाला लाव. मग ऐकला. एकच वाक्य. "अण्णाला विचार, माती कोण मळणार आणि आग कोण लावणार."

तिने तीनदा लावला. मी ऐकू येत नाही म्हणून तीनदा लावायला सांगितला असं तिला वाटलं. तसंच वाटू दे.

हा प्रश्न तू विचारणार हे मला ठाऊक होतं. आप्पा गेले त्या वर्षाचा घोडा. माती मी मळली होती, आग तू लावली होतीस, आणि सकाळी भट्टी उघडली तर मान धडापासून वेगळी. तू म्हणालास मातीत खोट, मी म्हणालो आगीत खोट. आई मध्ये उभी राहून दोघांना गप्प बसा म्हणत होती, आणि आपण दोघंही तिचंच उदाहरण देऊन भांडत होतो. त्या आठवड्यात तू बस धरलीस. आता तू परदेशी लोकांसाठी चिमणीच्या अंघोळीएवढे कॉफीचे कप करतोस, असं ऐकतो. चांगले असणार. तुझा हात बारीक कामाचाच होता.

मी तो विषय काढणार नव्हतो. पण त्या डॉक्टरीणबाईंचं बोलणं डोक्यातून जात नाही. रक्त खरं होतं, यंत्र खरं होतं, फक्त आधी काय आणि नंतर काय ह्यात उलट झालं. मी काल मळणीच्या खड्ड्याशी बसून तो आठवडा पुन्हा मनात लावून पाहिला. पाऊस हटत नव्हता. घोडे उचलून राईत न्यायचा दिवस ठरलेला. अंबलकार रोज येऊन, झाले का झाले का, विचारायचे. मान जोडून दोन दिवसही नीट ऊन मिळालं नव्हतं. भट्टीत घातला तेव्हा मानेत पाणी होतं, सेवुगन. ओल्या मानेला कुठलीही आग फोडते, मग माती मी मळलेली असो की आप्पांनी. मधलं वाळणं आपण दोघांनी गाळलं, कारण दोघांनाही वाटलं ते दुसऱ्याने पाहिलं असेल.

हे मी कुणाला दोष द्यायला लिहीत नाही. दोष घ्यायलाही नाही. नऊ वर्षं आपण रक्त आणि यंत्रासारखे भांडत बसलो एवढंच.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. माती तूच मळ, आग तूच लाव. माझ्यासाठी बोललेला घोडा आहे, मी त्याच्या जवळही जाणार नाही. फक्त भाजून झाल्यावर टिचकी मारून ऐकायला मला बोलावशील तर उजव्या बाजूने उभा राहीन. डावीकडून तू ऐक.

एक अडचण राहिली. घोडा सांगणाऱ्याने तळ्यातली ओंजळभर माती कुंभाराच्या दारात जाऊन त्याच्या हातात द्यायची असते. तोपर्यंत कुंभार बोटही उचलत नाही. पोस्टाने चालत नाही, फोनवर तर नाहीच. नवस पूंगोडीचा, पण घरातून माती द्यायची ती कर्त्याने. म्हणजे थोरल्याने धाकट्याच्या दारात जायचं. अंबलकार म्हणतात, "कधी ऐकलंय का असं? धाकट्याने यावं." चिन्नय्या म्हणतो, "अंबलकार, डाय." मी अजून काही ठरवलेलं नाही.

अण्णा

२७ मे, पाँडिचेरी बस स्थानक

चि. सेवुगन,

बस सुटायला वेळ आहे. तुझ्यासमोर एवढं बोलता आलं नाही म्हणून लिहितो. तुलाही आलं नाही, तेव्हा फिट्टंफाट.

काल संध्याकाळी तळ्यावरून माती घेतली. केळीच्या पानात बांधली, वरून ओलं फडकं. पूंगोडीने विड्याची पानं, सुपारी आणि चार गोड पनियारम तुझ्यासाठी दिली. निघताना दारातून ओरडून म्हणाली, "उद्या सोमवार आहे. राहूकाळात माती देऊ नका. नऊ वाजेपर्यंत थांबा. एकदा झालं ते पुरे."

"एकदा झालं ते तुझ्या थांबण्यानेच झालं," मी म्हटलं.

"म्हणून काय दरवेळी होईल?"

बायकांशी वाद घालू नये. थांबेन म्हणालो आणि बसलो.

सकाळी तुझी गल्ली शोधली. निळं दार, बाहेर कप वाळत घातलेले. नऊ वाजायला बराच अवकाश होता, म्हणून समोरच्या टपरीवर चहा घेतला आणि मांडीवर माती धरून बसलो. टपरीवाल्याने विचारलं, "ऐया, पानात काय आहे?" मी म्हटलं, "माती." कुंभाराच्या दारासमोर बसलेल्या माणसाकडे दुसरं काय असणार.

खरं सांगू का, मी तिथे बसून तुझे कप बघत होतो. एकही थेट उन्हात नव्हता. सगळे सावलीच्या कडेला, पालथे, मध्ये वारा जाईल एवढी जागा सोडून. सावकाश वाळत होते. हे तू कधी शिकलास ते मला माहीत नाही. की आपण दोघंही वेगवेगळ्या ठिकाणी तेच शिकलो, कोण जाणे.

मग दार उघडलं आणि तू बाहेर आलास. खांद्याला पिशवी, पायात चपला, कुलूप हातात. केस पांढरे झालेत रे तुझे. आप्पांसारखे, आधी कानांवर. तू कुलूप लावलंस, किल्ली खिशात टाकलीस आणि रस्त्याकडे वळलास. टपरीतलं घड्याळ आठच्याही मागे होतं. भर राहूकाळ.

मला वाटलं, आत्ता हा गेला की संध्याकाळी येईल. संध्याकाळी मी असेन की नाही कोण जाणे, असलो तरी हिंमत असेल की नाही कोण जाणे. आधी काय करायचं आणि नंतर काय, एवढंच ह्या महिन्यात मी शिकलो आहे.

तू मला पाहिलंस आणि जागच्या जागी उभा राहिलास. मी रस्ता ओलांडला. मोटरसायकलवाला काहीतरी ओरडला, तो माझ्या डाव्या बाजूला होता म्हणून ऐकू आलं नाही.

तू हात पुढे केलास की नाही ते मला नीट आठवत नाही. बहुतेक केलास. तू फडकं बाजूला सारलंस, पान उघडलंस, मातीची चिमूट बोटांत चोळून वास घेतलास आणि म्हणालास, "वाळू जास्त आहे, अण्णा."

मी म्हटलं, "तळं तेच आहे."

"मग ह्या वर्षी गाळ वरचा घेतलास. खालचा हवा." आणि तू खिशातून किल्ली काढून कुलूप पुन्हा उघडलंस.

पनियारम तू एकट्याने खाल्लेस ह्याबद्दल तेन्मोळीला सांगणार आहे. येताना बारीक चाळणी आण, आपली फाटली आहे. आणि पूंगोडीने विचारलं तर किती वाजले होते ते तुला आठवत नाही. मी माती नऊ वाजायची वाट न पाहता तुझ्या हातात दिली.

अण्णा